खोटी वर्दी

अध्यक्षमहाशय, कार्यकर्ते आणि मंडळी, नमस्कार. विषयाला हात घालण्याआधी एक विचारतो. ते मागचं दार, ज्याच्यावर ‘बाहेर’ अशी पाटी आहे, त्याला कुलूप का घातलंय? मी साडेपाचला आलो तेव्हापासून बघतोय. किल्ली कुणाकडे असते? शिपायाकडे. आणि शिपाई? चहाला गेलाय. बरं. म्हणजे आग लागली तर तिला सांगायचं, थांब बाई, आमच्या शिपायाचा चहा होऊ दे. (हशा) हसताय काय, कुणीतरी उठा आणि किल्ली आणा. तोवर मी बोलत राहतो. छत्तीस वर्षं फायर ब्रिगेडमध्ये काढली की ही खोड लागते. नाटकाला गेलो तरी आधी दारं मोजतो, मग खुर्ची शोधतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर नाटक बघणं म्हणजे इन्स्पेक्शनला गेल्यासारखं असतं.

तर विषय. पत्रिकेत छापलंय, ‘बनावट प्रेमाच्या कादंबरीतील अग्निशामक : एक विवेचन’. त्यातलं ‘एक विवेचन’ माझं नाही, ते कार्यवाहांनी घातलं. ‘अग्निशामक’ही माझं नाही. तो शब्द भिंतीवर टांगलेल्या लाल सिलिंडरवर असतो, माणसावर नाही. माणसाला आम्ही फायरमन म्हणतो आणि तुम्ही सगळे बंबवाला म्हणता, मला माहीत आहे. मला त्याचा राग नाही. १९७८ साली नोकरी लागली तेव्हा गावी जाऊन आजीला सांगितलं, मुंबईत बंबावर काम मिळालंय. ती म्हणाली, अरे देवा, एवढं शिकून लोकांच्या अंघोळीचं पाणी तापवायला गेलास? (हशा) ज्यांना हसू आलं त्यांच्या घरी तांब्याचा बंब होता. बाकीच्यांना शेजारचा समजावून सांगेल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना घरात. आमची सून डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जाते, जाऊन-येऊन तीन तास गाडीत, आणि त्या तीन तासांत फोनवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. उभ्याने वाचते, एका हाताने कडी धरून. तिने मला एक काढून दिली आणि म्हणाली, बाबा, वाचून बघा, तुमच्या खात्यातली आहे.

तुमच्या खात्यातली! मी उघडली. अमेरिकेतलं लहानसं गाव. नायिकेची बेकरी. तिचा आधीचा प्रियकर तिच्याच मैत्रिणीशी लग्न करतोय आणि वर आमंत्रणही पाठवलंय. एकटीने जायची लाज वाटते. त्यात बेकरीत काहीतरी करपतं, धूर होतो, बंब येतो आणि बंबातून नायक उतरतो. उंच, रुंद खांद्यांचा, अबोल, काळजात जुनी जखम. त्याची आई लग्नासाठी त्याच्या मागे लागलेली. मग दोघांचं ठरतं की सहा आठवडे आपण प्रेमात असल्याचं सोंग करायचं. नियम लिहून काढतात. पहिला नियम, खरोखर प्रेमात पडायचं नाही. म्हणजे रॉकेलच्या डब्यावर ‘येथे काडी ओढू नये’ असं लिहायचं आणि काड्यापेटी त्याच डब्यावर ठेवायची. पुढे काय होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

या प्रकाराला इंग्रजीत फेक डेटिंग म्हणतात. कादंबरीचं नाव सांगत नाही, कारण तशा ढिगाने आहेत. मी त्या दीड महिन्यात अकरा वाचल्या. आमच्या तरुणपणी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत मिल्स अँड बूनची पुस्तकं असायची, मुली तपकिरी कागदाचं कव्हर घालून न्यायच्या आणि त्यावर ‘भूगोल’ लिहायच्या. ती कंपनी १९०८ सालची, लंडनची. पण त्यातला नायक म्हणजे डॉक्टर, नाहीतर ग्रीक कोट्यधीश. फायरमनला कोण विचारतंय! आता मात्र बघावं तिकडे आमची जात. मला आनंद झाला, पण डोकंही फिरलं. का ते सांगतो, पाच मिनिटांत सांगतो.

एक तर तो दांडा. अकरापैकी आठ नायक दांड्यावरून घसरत खाली येतात. दांडा खरा आहे, १८७८ साली शिकागोत डेव्हिड केनियन नावाच्या कॅप्टनने तो स्टेशनात बसवला, तिथून जगभर गेला. पण माझ्या स्टेशनात जिना होता आणि जिन्याची तिसरी पायरी तुटकी होती. तिच्यावर कुणी कादंबरी लिहीत नाही. दुसरं, हे नायक धुरात शिरतात आणि नायिकेचे डोळे बघतात. कुठल्या रंगाचे, तेही बघतात. अरे, धुरात स्वतःचा हात दिसत नाही! उजवा हात भिंतीला लावून, गुडघ्यावर सरपटत जायचं असतं. जळून मरणाऱ्यांपेक्षा धुराने गुदमरून मरणारी माणसं जास्त असतात. बाहेर आल्यावर नाकातून दोन दिवस काळं येतं आणि केसांचा वास तीन अंघोळींनी जात नाही. तशा अवस्थेत घरी गेलो की आमची बायको म्हणायची, आधी मोरीत.

आणि तिसरं, हे माझं खरं दुखणं. अकरा कादंबऱ्यांत एकाही नायकाने होज, म्हणजे आमचा पाणी मारायचा पाइप, धुतलेला नाही. आग विझली की तो निघाला प्रेम करायला. होज कोण धुणार? चिखलाने, डांबराने माखलेले, पाण्याने जड झालेले ते होज स्टेशनात आणायचे, घासायचे, फाटलाय का बघायचं, उंचावर टांगून वाळवायचे, सुके होज गुंडाळून गाडीत भरायचे, मग रजिस्टर लिहायचं. पुढची वर्दी त्याच्या आत आली तर पुन्हा पळायचं. आगीत तासभर, होजमध्ये तीन तास, असा आमचा संसार. सुनेला म्हटलं, तर ती म्हणाली, बाबा, होज धुताना बघायला कोण पैसे देईल? मी म्हटलं, मी देईन.

मागे एक मुलगी हात वर करतेय. बोला. ...बरोबर. प्रश्न असा की फायरमन नेहमी पुरुषच का. मी वाचलेल्या अकरांत सगळे पुरुषच होते, हे खरं. आणि ते आपल्याला शोभत नाही, कारण देशातली पहिली महिला फायरफायटर म्हणून जिचं नाव घेतात ती आपल्या नागपूरची, हर्षिनी कान्हेकर. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला तेव्हा तिथे मुलींसाठी काही म्हणजे काही नव्हतं. तुम्ही लिहा ना तशी कादंबरी. नायिका बंबावर, नायक बेकरीत. होज धुण्याचा प्रसंग मी सांगतो.

अजून एक गंमत. या कादंबऱ्यांत एक ठरलेला प्रसंग असतो. दोघे लग्नाला म्हणून परगावी जातात आणि हॉटेलच्या खोलीत पलंग एकच निघतो. त्यावर दोन-दोन प्रकरणं! मी लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांत वाढलो. आमच्याकडेही पलंग एकच होता. त्यावर आजोबा झोपायचे. (हशा) बाकीच्यांचा विषय संपला.

असो. एवढी कुरकुर केली तरी अकरा वाचल्या, म्हणजे काहीतरी आवडलं असणार. काय आवडलं, आणि या खोट्या प्रेमाच्या गोष्टीला बंबवालाच का शोभतो, हे आजचं विवेचन. त्याआधी एक शब्द नीट समजून घेऊ. वर्दी.

तुम्ही वर्दी म्हणजे गणवेश समजता. पेपरात वाचता ना, ‘वर्दी मिळताच अग्निशमन दलाचे जवान घटनास्थळी दाखल झाले’? ती वेगळी. ती म्हणजे बोलावणं, खबर. वॉचरूममध्ये फोन वाजतो, तिथला माणूस पत्ता लिहून घेतो, घंटा देतो, ती वर्दी. वर्दीचे प्रकार असतात. आगीची. आग नसलेली, म्हणजे लिफ्टमध्ये माणूस अडकला, पतंगाच्या मांज्यात घार अडकली. आणि खोटी. खोट्या वर्दीचेही रजिस्टरला दोन भाग पडतात. एक खोडसाळ, एक सद्हेतूने दिलेली. शेजारच्या गच्चीवर कुणी शेकोटी केली आणि तुम्हाला वाटलं आग लागली, तुम्ही फोन केलात, तर ती खोटीच, पण सद्हेतूने. त्यात तुमचा दोष नाही.

या सगळ्या वर्द्यांना घंटा मात्र एकच. परवा १४ एप्रिल झाला, आमचा अग्निशमन सप्ताह चालू आहे, म्हणून हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९४४ साली त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाच्या दोन नंबरच्या गुदामातून धूर येताना दिसला. जहाजात कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा आणि जवळपास १४०० टन दारूगोळा. फायरमन पाणी मारत राहिले, नऊशे टनांच्या वर पाणी मारलं, पण धुरामुळे आगीचं मूळच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. आमची ६६ माणसं गेली. भायखळ्याला मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, कधी गेलात तर बघा. मी भरती झालो तेव्हा आम्हाला तिथे उभं करून उस्ताद एवढंच म्हणाले, हे लोक निघाले तेव्हा घंटा रोजचीच वाजली होती. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बारा वर्षं लागली. कसा कळला ते सांगतो.

१९९०ची गोष्ट. मी सब-ऑफिसर होतो, वय चौतीस. स्टेशन कुठलं ते सांगत नाही. आमच्या हद्दीत एक चाळ होती. लाकडी जिना, प्रत्येक मजल्यावर लांबलचक गॅलरी. तिसऱ्या मजल्यावर एक आजी आणि तिची नात, दोघीच. मुलीचे आईवडील गेलेले. नात नोकरीला, आजी दिवसभर एकटी. मजल्यावर फोन एकच, शेजारच्या खोलीत. १०१ला पैसे पडत नाहीत असा शोध आजीला लागला होता.

पहिली वर्दी आली, गॅसचा वास येतोय. आम्ही घंटा वाजवत, गल्लीतल्या हातगाड्या बाजूला करत गेलो. त्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून घाण वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. शिवाय तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून वास घ्यायचा तो जमिनीशी वाकून. तर माझे चार फायरमन त्या खोलीत ओणवे झालेले आणि आजी कडेला उभी राहून सांगतेय, तिकडे पलंगाखाली बघा, तिकडून येतो. पलंगाखाली लोणच्याच्या बरण्या. नळीला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. निघालो तर म्हणाली, आलाच आहात तर चहा घ्या.

दुसरी वर्दी तीन आठवड्यांनी. तोच पत्ता, तोच वास, त्याच बरण्या, तोच चहा.

तिसऱ्या वेळी मी ठरवून गेलो की आज खडसवायचं. खोटी वर्दी देणं गुन्हा आहे, तेवढ्यात खरी आग लागली तर काय करायचं, हे सगळं जिना चढताना मनात जुळवलं होतं. दारात पोचलो, तोंड उघडलं आणि नजर ओट्याकडे गेली. सहा कप. ओळीने मांडलेले, साखर आधीच घातलेली. साहेब, ड्रायव्हर आणि चार फायरमन, बंबावर माणसं किती येतात हे बाईने मोजून ठेवलं होतं. पाच कप उघडे होते आणि सहाव्यावर बशी झाकलेली होती. मी विचारलं, हा का झाकला? म्हणाली, तो ड्रायव्हरचा. तो गाडी सोडून वर येत नाही ना, खाली नेईस्तोवर निवतो. माझं भाषण तिथेच विझलं. चहा घेतला, आलं घातलेला होता, आणि परत आलो.

चौथी वर्दी रविवारी दुपारी. आता माझ्या हाताखाली एक फायरमन होता, कराडकडचा, चोवीस वर्षांचा. त्याला आपण सदा म्हणू. सदा जिने चढण्यात पहिला. तो हेल्मेट घालून धाडधाड वर गेला, मागून आम्ही. दारात गर्दी. आत सतरंजीवर पाहुणे बसलेले, पोह्यांच्या बश्या. आणि आजी सदाचा हात धरून सगळ्यांना सांगतेय, हा बघा आला. म्हटलं नव्हतं, बोलावलं की लगेच येतो!

झालं होतं असं. नातीची आत्या एक स्थळ घेऊन आली होती. मुलगा पुण्याचा, स्वतःचा फ्लॅट, वय जरा पुढे गेलेलं. नातीला नको. आत्या ऐकेना. तेव्हा आजी बोलून गेली, तिचं जमलंय. कुणाशी? फायर ब्रिगेडमधल्या मुलाशी. मला नंतर म्हणाली, साहेब, आयत्या वेळी डोळ्यांसमोर तरुण पोरगा आला तो हाच, दुसऱ्यांदा चहा मागून घेणारा. आत्या म्हणाली, मग दाखवा की. आजी उठली, शेजारच्या खोलीत गेली आणि १०१ फिरवला.

मंडळी, नवरामुलगा बंबातून मागवणारी ती पहिलीच बाई असावी. (हशा, टाळ्या)

सदा माझ्याकडे बघतोय, मी सदाकडे. नात खिडकीबाहेर. आत्याने मला टाचेपासून शेंडीपर्यंत न्याहाळलं आणि आजीला विचारलं, हे मुलाचे वडील का? चौतीस वर्षांचा मी! म्हटलं, नाही, मी त्याचा साहेब. मग सांगा ना साहेब, मुलगा कसा आहे? आता काय सांगू? म्हटलं, वक्तशीर आहे.

स्टेशनात आल्यावर रजिस्टर उघडलं. खोटी वर्दी, हेतू. मी लिहिलं, सद्हेतू. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, यात सद्हेतू कुठला? मी म्हटलं, साहेब, एक मुलगी वाचली.

पुढचे चार महिने सदा दर रजेच्या दिवशी त्या चाळीत जायचा, कारण आत्या कधी येऊन टपकेल याचा नेम नव्हता. आणि इथे माझं त्या अकरा कादंबऱ्यांशी भांडण आहे. त्यांच्यात करार दोघांचा असतो. दोघे बसतात, नियम ठरवतात, मोडतात, रडतात. आमच्याकडे खोटं लग्न जमलं की चाळीस माणसं त्यात येतात. दुसऱ्या आठवड्यात अख्ख्या मजल्याला जावई मिळाला. कुणाचा फ्यूज उडाला, बोलवा जावयाला. कुणाच्या मुलाला भरतीचा फॉर्म हवा, विचारा जावयाला. गणपतीत चाळीची आरती त्याच्या हाती दिली. तळमजल्यावरचे एक काका, कुणाशी बोलत नसत, ते याच्याशी बुद्धिबळ खेळायला लागले. सांगा, या सगळ्यांशी ब्रेकअप कसं करणार? त्याला मराठीत शब्द तरी आहे का?

आता तुम्ही विचारणार, मग झालं का लग्न? नाही झालं. नातीचं ऑफिसातल्या एकाशी आधीच जमलेलं होतं. जात वेगळी, म्हणून आत्यासमोर काढायची सोय नव्हती. हे सदाला पहिल्याच आठवड्यात तिने सांगून टाकलं होतं. सदा नुसता आडोसा होता. पुढे तिने त्या ऑफिसातल्या मुलाशीच लग्न केलं आणि नाशिकला गेली. सदाचं लग्न त्याच्या गावी झालं. त्या लग्नाला चाळीतली अकरा माणसं एसटीने कराडला आली होती, आजीसकट. पंगतीत कुणीतरी विचारलं, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या? आजी म्हणाली, आम्ही सासरकडचे, पण आधीचे. (हशा)

थांबा, मी ज्यासाठी हे सांगत होतो ते राहिलंच. पाचवी वर्दी. ती या लग्नाआधीची. रात्री साडेनऊला घंटा झाली. वॉचरूमवाला पत्ता वाचता वाचता हसला आणि म्हणाला, आजी आहेत, सावकाश जा. मुलं जेवत होती. मी, मी स्वतः, म्हणालो, घास संपवा. दीड मिनिट गेलं असेल, दोन मिनिटं. गाडीत सदा काही बोलत नव्हता. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच वास आला. या वेळी वाकावं लागलं नाही. उंदराने नळी कुरतडली होती. आजीने दिवा लावला नव्हता, बटणाला हात लावू नये हे सदाने तिला कधीतरी शिकवलं होतं. अंधारात गॅलरीत बसली होती, दार सताड उघडं टाकून. आम्ही रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मजला रिकामा केला. काही झालं नाही. देवघरातलं निरांजन संध्याकाळीच विझलं होतं, म्हणून काही झालं नाही.

ती दोन मिनिटं मी रजिस्टरला लिहिली नाहीत. आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय.

आजी १९९६ साली गेली. नात नाशिकहून पोचेपर्यंत सगळी तयारी सदाने केली, पुढचा खांदाही त्यानेच दिला. स्मशानात कुणी विचारलं, हे कोण? तर चाळीतल्या सहा माणसांनी एकदम सांगितलं, जावई. खरा जावई तिथेच उभा होता, तोही मान हलवत होता.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’. खाली दोन रेघा ओढल्यात. अध्यक्ष, आमच्या पाठीवर हवेचा सिलिंडर असतो, हवा संपत आली की त्याची शिट्टी वाजते. शिट्टी वाजल्यावर वाद घालायचा नाही, बाहेर पडायचं. पण विवेचन म्हणून छापलंय, तर ते करतो. सहा मुद्दे काढून आणले होते, होतील तेवढे सांगतो.

सोंग तीन तऱ्हेचं. मॉक ड्रिलमध्ये ठरवून धूर करतो, एकाला स्ट्रेचरवर झोपवतो. तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की हे खोटं आहे. खोट्या वर्दीत बोलावणाऱ्याला ठाऊक असतं, जाणाऱ्याला नसतं. खरी वर्दी तिसरी. बनावट प्रेमाची कादंबरी सुरू होते मॉक ड्रिलसारखी. दोघांनी मिळून धूर केलाय, हातात हात घालून लग्नाला गेलेत, बघणारे फसलेत. पण मधे कुठेतरी एकाच्या नकळत दुसऱ्याला ते खरं वाटू लागतं. म्हणजे ड्रिलची खोटी वर्दी होते. एकाला वाटतंय सोंग चाललंय आणि दुसरा जीव तोडून पळतोय. वाचणाऱ्याचा जीव वरखाली होतो तो तिथे. शेवटी दोघांना कळतं, ती खरी वर्दी. अकराच्या अकरा कादंबऱ्या याच रस्त्याने जातात. लेखिकांना ते ठाऊक असेल-नसेल, रजिस्टरला तीनच रकाने आहेत.

हा प्रकार काही अमेरिकेने शोधला नाही, हा दुसरा मुद्दा. अर्जुन खोटा संन्यासी होऊन द्वारकेत राहतो, बलराम त्याला भक्तिभावाने घरी ठेवून घेतो, कृष्णाला सगळं ठाऊक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली संगीत सौभद्र रंगभूमीवर आणलं तेव्हापासून आपण हे सोंग बघतोय, वर पदांना वन्समोअर देतोय. फरक एवढाच, अर्जुनाला आपलं प्रेम आधीपासून ठाऊक आहे. त्याचा संन्यास खोटा आहे. कादंबरीतल्या फायरमनचं प्रेम खोटं असतं आणि मग ते त्याच्यावरच उलटतं. यावर खूप बोलता येईल. वेळ नाही.

आणि बंबवालाच का? प्रत्येक कादंबरीत एक प्रसंग असतोच. करार मोडल्यावर, भांडण झाल्यावर, नायिका एका रात्री कसल्यातरी फालतू कारणाने त्याला फोन करते. उंदीर दिसला, दिवे गेले, असलं काहीतरी. त्यालाही कळतं की कारण फालतू आहे. तरी तो येतो. कादंबरी तिथेच संपते, पुढची ऐंशी पानं लग्नाच्या खरेदीची. आता तिथे कोट्यधीश असता तर त्याने माणूस पाठवला असता. डॉक्टर म्हणाला असता, सकाळी ओपीडीत या. पोलीस विचारणार, हद्द कुठली? (हशा) बंबवाला एकटाच असा, ज्याला वर्दी खरी की खोटी हे विचारायची मुभाच नाही. पोचेपर्यंत ती खरी धरायची, हा त्याच्या नोकरीचा नियम. खोट्यालाही खऱ्यासारखंच धावून जायची सवय ज्याच्या पायांना आहे, तोच माणूस खोट्या प्रेमात अडकणार. बाकीच्यांना शंका विचारायला वेळ असतो. मला एकदा दोन मिनिटं वेळ मिळाला होता, तर मी काय केलं ते तुम्हाला सांगितलंच.

अजून तीन मुद्दे होते. त्यातला एक होज धुण्याचाच होता, तो झालाय असं धरा.

अध्यक्ष घंटेकडे हात नेतायत. नेऊ द्या. ते आले का शिपाई? या, या, तुमचीच वाट बघतोय. आभारप्रदर्शन नंतर करा हो, आधी ते कुलूप काढा. ...किल्ली ही नव्हे? मग कुठली?